हजेरीपटावरचा परिवार

सहलीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. मुख्याध्यापक म्हटला की तो आनंदाच्या विरुद्धच बोलणार असा लोकांचा समज असतो, आणि तो अगदीच खोटा असतो असेही नाही. पण सहलीच्या बाबतीत माझी पाटी कोरी आहे. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मुलांना घेऊन मी पारगड चढलो, यळ्ळूरचा राजहंसगड चढलो, पावसात आंबोलीला भिजलो. माणसाने वर्षातून एकदा तरी डोंगर चढावा, चढताना धापा टाकाव्यात आणि वरून आपले गाव किती लहान आहे ते बघावे, या मताचा मी आहे.

माझे भांडण आहे ते एका वेगळ्या सहलीशी. कारखान्याला दहा, पंचवीस किंवा पन्नास वर्षे झाली की मालक बस ठरवतो, टोप्या आणि टीशर्ट छापून घेतो आणि 'स्टाफ'ला डोंगरावर नेतो. ही पद्धत आता गावोगाव रुळली आहे. पुण्या-पिंपरीची मंडळी महाबळेश्वरला जातात, आमच्या उद्यमबागेतल्या गाड्या आंबोलीला आणि चोर्ल्याच्या घाटात जातात, भोपाळच्या पचमढीला जातात. मागाहून फोटो येतात, वॉट्सॲपवर फिरतात आणि पाहणारा म्हणतो, 'काय दिलदार मालक आहे!' माझा प्रश्न एवढाच की, या दिलदारीचे बिल कोण भरतो?

प्रश्न मला बेळगावात सुचला नाही. तो सुचला भोपाळला, बिट्टन मार्केटात. म्हणून आधी तिथली हकिकत सांगतो.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन भोपाळला गेली. मेहुणे 'भेल'मध्ये. ज्या कारखान्याचे १९६० साली पंडित नेहरूंनी उद्घाटन केले, त्याच्याबरोबर देशभरातून माणसे भोपाळला आली. त्यांत आपली मराठी घरेही पुष्कळ. बहिणीने बरीच वर्षे पिपलानीच्या क्वार्टरमध्ये काढली, आणि मग अरेरा कॉलनीत, बिट्टन मार्केटपासून हाकेच्या अंतरावर, फ्लॅट घेतला. २०२४ च्या दसऱ्याच्या सुट्टीत मी गोवा एक्सप्रेसने तिच्याकडे गेलो. बेळगावला बसलेला माणूस गाडी न बदलता भोपाळला उतरतो, एवढी सोय रेल्वेने आम्हा भावाबहिणीची करून ठेवली आहे.

बिट्टन मार्केट म्हणजे एक मोठे मोकळे मैदान आणि त्याच्या आजूबाजूला दुकाने. हाटाच्या दिवशी तिथे भाजीवाल्यांच्या रांगा लागतात. घोसाळ्याला तिथे गिलकी म्हणतात, आणि आमची बहीणही आता गिलकीच म्हणते. दसऱ्याला याच मैदानावर रावण जाळतात. मी गेलो तेव्हा दसरा होऊन सहा दिवस झाले होते.

भाचा मेकॅनिकल इंजिनिअर. तिथल्याच एका खाजगी कारखान्यात डिझाइन विभागात आहे. त्या कारखान्याला पंचवीस वर्षे झाली म्हणून शुक्रवार-शनिवार पचमढीची सहल ठरली होती, आणि गाड्या सकाळी बिट्टन मार्केटच्या मैदानाजवळून सुटणार होत्या. कारखान्याचे नाव मी लिहीत नाही. बहिणीने बजावले आहे, "दादा, लिहायचं तर लिही, पण नाव घालू नकोस. पोराची नोकरी आहे." एकोणतीस वर्षे व्यासपीठावरून निर्भयतेवर भाषणे देणाऱ्या माणसाने ते मुकाट्याने ऐकले.

शुक्रवारी सकाळी मी भाच्याला पोहोचवायला गेलो. तीन बसगाड्या उभ्या होत्या. पहिलीच्या तोंडावर भला मोठा फ्लेक्स बांधला होता : '२५ वर्ष : एक कंपनी, एक परिवार'. निळे टीशर्ट घातलेली शंभर-सव्वाशे माणसे, कुणाच्या हातात मुले, कुणाच्या हातात पोहे-जिलेबीचे द्रोण. आणि या सगळ्यांच्या मधून आठ-दहा माणसे सामान चढवत होती : पाण्याचे जार, स्पीकरचे खोके, सतरंज्या, क्रिकेटच्या बॅटी, केकचा एक मोठा खोका. त्यांच्या अंगात निळे टीशर्ट नव्हते. मला वाटले, बसवाल्यांची माणसे असतील.

भाच्याशी माझे मराठी ऐकून त्यांतला एक जण थांबला. "काकाजी, तुमी महाराष्ट्रातले का?" म्हटले, बेळगावचा, शाळामास्तर. तो पांढुर्ण्याचा निघाला. पांढुर्णा मध्य प्रदेशात, पण घरोघर मराठी. आम्हा सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मी विचारले, "तुम्ही या बसचे का?" तो म्हणाला, "नाही जी गुरुजी, मी याच कंपनीत हाओ. अकरा वर्षं झाले. मिलिंग मशीनवर."

"मग बसा की. गाडी सुटेल."

"आमी ठेकेदाराचे हाओ ना," तो म्हणाला आणि पुढचा जार उचलला.

गाड्या गेल्या. मी त्याला पोहे घ्यायला लावले, आणि उभ्या उभ्या त्याच्याकडून सगळे समजून घेतले. अकरा वर्षांत ठेकेदार तीन बदलले, मशीन तेच राहिले. दर वेळी नवीन ठेकेदाराच्या नावावर नवीन कार्ड, आणि नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. मी जरा भाबडेपणाने म्हणालो, "पचमढी बघायची राहिली तुमची." तो हसला. पचमढी त्याला पाठ होती. नागपंचमीच्या सुमारास थोडे दिवस तिथल्या नागद्वारीची वाट उघडते. एरवी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात ती बंद असते. विदर्भातून, पांढुर्ण्या-छिंदवाड्याकडून लोक लोंढ्याने येतात आणि दरडी, शिड्या, चिखल तुडवत त्या गुहेपर्यंत जातात. हा लहानपणापासून जातो. त्या बसमधल्या एकाही माणसाला तो डोंगर याच्याइतका ठाऊक नसेल.

"डोंगराचं काई नाही, गुरुजी," तो म्हणाला. "दोन हजेऱ्या गेल्या, त्याचं वाईट वाटते."

कारखाना दोन दिवस बंद. निळ्या टीशर्टवाल्यांना त्या दोन दिवसांचा पगार, वर सहल. याला काम नाही म्हणून हजेरी नाही, हजेरी नाही म्हणून मजुरी नाही. महिन्याच्या सव्वीस हजेऱ्यांतल्या दोन, म्हणजे कमाईचा तेरावा हिस्सा. तोही दिवाळी तोंडावर असताना. आणि सकाळी सामान चढवण्याचे काय? "ठेकेदार म्हणे, जाऊन या, नाश्ता भेटन." तो नाश्ता शेवटी मी दिला.

आता हिशेब करा. मी मराठीचा शिक्षक, पण एवढे गणित मलाही येते. त्याच्या अंदाजाने ठेकेदाराची माणसे दीडशेच्या घरात. दीडशे माणसांच्या दोन दिवसांच्या तीनशे हजेऱ्या त्या महिन्यात कुणीच दिल्या नाहीत. तीन बसगाड्यांचे भाडे त्यातून निघाले असा आरोप मी करत नाही. कारखान्याच्या वह्या मी पाहिलेल्या नाहीत. पण शंभर-सव्वाशे माणसे ज्या दोन दिवसांत डोंगरावर नाचली, ते दोन दिवस दीडशे चुलींनी भरून दिले, हे मान्य करायला वही लागत नाही. लग्नात न बोलावता आहेर तेवढा वसूल करावा, तसा हा प्रकार.

भाचा शनिवारी रात्री परतला. रविवारी सकाळी चहाच्या वेळी मी विषय काढला. त्याने फोटो दाखवले. धूपगड, साडेतेराशे मीटरचा, साऱ्या सातपुड्यात सर्वांत उंच. तिथे सूर्य मावळताना साहेबांनी भाषण केले होते, की कारखान्याचे यश हे परिवारातल्या प्रत्येकाचे आहे. मी म्हटले, "आणि तो पांढुर्ण्याचा?" भाचा म्हणाला, "मामा, ते आपल्या रोलवर नाहीत."

मुलगा वाईट नाही. आजारी आजीचे सगळे त्याने केले आहे. पण हे वाक्य त्याने ज्या सहजपणे उच्चारले, त्या सहजपणाविरुद्ध हा लेख आहे.

पहिली गोष्ट शब्दाची. आयुष्य मी शब्दांवर काढले, तेव्हा एवढा हक्क मला असावा. 'परिवार' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ बायकामुले असा नाहीच. परिवार म्हणजे भोवती असणारे : सेवक, अनुयायी, लवाजमा. आपल्या देवळांत मुख्य देवाच्या सभोवती लहान देव असतात, त्यांना आपण परिवारदेवता म्हणतो. म्हणजे कारखान्यात हा शब्द सर्वांत आधी लागू होतो तो जार उचलणाऱ्या माणसाला, साहेबाला नव्हे. फ्लेक्स छापणाऱ्यांनी शब्द नेमका निवडला आणि त्यातली नेमकी तीच माणसे गाळली. देव बसमध्ये आणि परिवारदेवता रस्त्यावर!

दुसरी गोष्ट कायद्याची. 'रोलवर नाहीत' हे उत्तर कायदेशीर आहे असे पुष्कळांना वाटते. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० साली झाला आणि त्याखाली १९७१ साली केंद्राचे नियम झाले. ठेकेदाराचा माणूस जर मालकाच्या कायम माणसासारखेच काम करत असेल, तर त्याचे वेतन, सुट्ट्या, कामाचे तास आणि सेवेच्या इतर अटी सारख्याच असाव्यात, असे त्या नियमांत स्पष्ट लिहिले होते. नियम भला होता, पण तो अमलात आणायचा ठेकेदाराने, आणि ठेकेदार नेमायचा मालकाने. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितले की, कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून मजूर आपोआप कायम होत नाही. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी २०२० ची नवी संहिता आली आहे. कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी मजूर लावू नयेत असे तीही म्हणते, आणि लगेच अपवाद मोजू लागते. कायदा असा दार किलकिले ठेवतो, म्हणून आपण भिंत फोडावी काय? कायद्याने जे करायला भाग पाडले नाही ते न करणे हा गुन्हा नसेल. पण ते न करता वर 'परिवार' छापणे हा खोटेपणा आहे. त्याला कलम लागत नाही, लाज लागते.

आणि हे भोपाळात घडावे? सहलीची तुलना १९८४ च्या त्या रात्रीशी करण्याइतका मी निर्बुद्ध नाही. पण 'कागदावर नाही' या दोन शब्दांचे वजन त्या शहराइतके कुणाला माहीत असेल? वायू ज्यांच्या छातीत शिरला, त्यांतल्या किती जणांना पुढे वर्षानुवर्षे कागद घेऊन दारोदार सिद्ध करावे लागले, की होय, आम्ही त्या रात्री तिथे होतो! १९८९ साली तडजोड झाली ती सत्तेचाळीस कोटी डॉलरची. त्यातला आपला वाटा मिळवायलाही कागदच लागला. हाडामांसाचा माणूस समोर उभा असताना आधी कागद बघायचा, ही सवय मोठ्या संकटात लागत नाही. ती अशा लहानसहान प्रसंगांत, कुणाच्या लक्षात न येता, लागते. माझ्या भाच्याला ती लागली आहे.

माझ्यावर आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत; काही भाच्यानेच घेतले. पहिला असा की, पैसा मालकाचा, तो कुणाला न्यायचे ते ठरवील. कबूल. मग त्याने ती मित्रमंडळींची सहल म्हणावी. कारखान्याच्या पंचवीस वर्षांचे नाव तिला कशाला? ती पंचवीस वर्षे त्याच्या एकट्याची नाहीत. अकरा त्या पांढुर्ण्याच्या माणसाची आहेत.

दुसरा आक्षेप, इतक्यांना एकदम कसे नेणार? नेऊ नका एकदम. शाळा पाचवीला वेगळी नेते, आठवीला वेगळी. दोन तुकड्या करा, चार करा. पचमढी लांब पडत असेल तर भीमबेटका जवळ आहे, साँची जवळ आहे. जागेला महत्त्व नाही. एकाच पंगतीला बसण्याला आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत शहाणा : ठेकेदाराच्या माणसांना नेले तर उद्या तेच कोर्टात पुरावा म्हणून दाखवतील, की आम्ही कंपनीचेच. वाचकहो, या आक्षेपाचा अर्थ नीट लक्षात घ्या. म्हणजे तो माणूस आपला आहे हे मनातून ठाऊक आहे. भीती आहे ती तसा फोटो निघेल याची!

कारखानदारीत हे चालायचेच, असेही कुणी म्हणेल. त्याला मी बेळगावच्याच माणसाचे उदाहरण देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या धंद्याची सुरुवात बेळगावात सायकलींच्या दुकानापासून केली. पुढे कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी झाली तेव्हा त्यांना बिऱ्हाड हलवावे लागले, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर १९१० साली वाडी उभी राहिली. त्या वाडीवर पहारा ठेवायला लक्ष्मणरावांनी माणसे नेमली ती तुरुंग भोगून आलेली. ज्यांना गावाने दाराशी उभे केले नसते, त्यांच्या हाती दाराची राखण दिली. किर्लोस्करवाडी म्हणजे रामराज्य होते असे मी म्हणत नाही. मालक तिथेही मालकच होता आणि मजूर मजूरच. पण वाडीत राहणारा तो वाडीचा, एवढी साधी व्याख्या तिथे होती. आज आपल्याकडे माणसाच्या बोटाचा ठसा घेऊन दार उघडणारी यंत्रे आहेत, आणि आत गेलेला माणूस कुणाचा हे मात्र सांगता येत नाही.

इथवर लिहिले आणि हात थांबला. कारण दुसऱ्याचे कुसळ दाखवून झाले, आता स्वतःचे मुसळ.

२०११ साली आमच्या शाळेला पन्नास वर्षे झाली. मी तेव्हा नुकताच मुख्याध्यापक झालो होतो. आम्ही सर्व शिक्षक, कारकून, दोन संचालक असे आंबोलीला गेलो. धबधब्यासमोर काढलेला फोटो फ्रेम करून माझ्या खोलीत लावला आहे. खाली लिहिले आहे, 'आमचा शाळा परिवार'. अक्षर माझे. त्या फोटोत शाळेचे शिपाई नाहीत. बावीस वर्षे घंटा दिलेला माणूस त्या दिवशी शाळेच्या किल्ल्या घेऊन व्हरांड्यात बसला होता, कारण कुणीतरी थांबायला हवे होते आणि ते कुणी, हा प्रश्नच आमच्या मनात आला नव्हता. त्यांची त्या दिवशीची हजेरी बुडाली नाही, एवढेच आमचे पुण्य. पुढे आठ वर्षे ते रोज सकाळी तो फोटो पुसत होते. काच पुसताना त्यांना काय वाटत असेल याचा विचार मी केला तो २०२४ साली, बिट्टन मार्केटात, पोह्याचा द्रोण हातात धरून.

परत आल्यावर पुढच्याच जानेवारीत आम्ही सहल काढली, आणि किल्ल्या मी ठेवून घेतल्या. दिवसभर व्हरांड्यात बसलो. नवे शिपाई सहलीला गेले. जुने निवृत्त होऊन पाच वर्षे झाली होती. त्यांचे गुडघे गेले आहेत, त्यांना आता आंबोली नको. मी घरी जाऊन आलो, चहा घेतला, फोटोचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही. तेव्हा शहाणपण शिकवण्याचा मला अधिकार नाही. उशिरा आलेल्या माणसाने इतरांना वेळ सांगावी, तेवढाच हा अधिकार.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. क्रांती नको, फक्त तीन गोष्टी. वर्धापनदिनासाठी कारखाना बंद ठेवाल तर त्या दिवसांची मजुरी फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला द्या. ठेकेदाराच्या बिलात ती धरायला एक ओळ पुरते. बसमधल्या जागा पाळीपाळीने ठेवा, आणि त्या पाळीत ठेकेदाराची माणसे धरा. आणि हे दोन्ही झेपत नसेल तर तिसरे अगदी बिनखर्चाचे आहे : फ्लेक्सवरून 'परिवार' हा शब्द काढा. 'स्टाफ' लिहा. शब्द रूक्ष आहे, पण खरा आहे.

भाच्याने निघताना मला विचारले होते, "मामा, मी एकटा काय करणार?" तेव्हा मला उत्तर सुचले नाही, आता देतो. तुझ्या कारखान्याचा सत्ताविसावा वर्धापनदिन येईल. पत्रक निघेल, टीशर्टचे माप विचारतील. त्या वेळी साहेबांना एवढेच विचार, की त्या दोन दिवसांची मिलिंग मशीनवरच्या माणसाची हजेरी कोण लावणार? एकदाच विचार, नम्रपणे विचार. उत्तर काय येते ते मला पत्राने कळव. आईला सांगू नकोस. ती काळजी करील.